उताराचं घर

घर घेतलं तेव्हा ओळखीतल्या झाडून सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, "एवढं स्वस्त कसं काय मिळालं?" त्याचं उत्तर मला कधी द्यावंच लागलं नाही. पाहुणा आत आला की एक पाऊल तो टाकायचा आणि दुसरं आपोआप पडायचं. पुढच्या दारापासून मागच्या स्वयंपाकघरापर्यंत सगळी जमीन उतरती, आणि मधल्या खोलीत ती खिडकीकडेही कललेली. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हे लाकडी घर सरळ उभं केलं असणार. नंतर ते आपलं सावकाश, सोयीने बसत गेलं.

दलाल घर दाखवायला आला तेव्हा त्याच्या हातातलं पेन पडलं. ते घरंगळत निघालं, मधली खोली ओलांडून स्वयंपाकघरात गेलं आणि भिंतीखालच्या फटीत शिरलं. दलालाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "या घराला स्वतःचं व्यक्तिमत्त्व आहे," तो म्हणाला, आणि फोन नंबर लिहून द्यायला माझं पेन मागितलं.

मी हसले. नवरा हसला नाही. तो लिफ्ट बसवतो. मी त्याला मिस्त्री म्हणते, कारण लग्न ठरवताना त्याच्या मावशीने "इंजिनियरसारखंच काम आहे" असं सांगितलं होतं आणि मला ते अजून विसरायचं नाही. त्याच्या कामात केसाएवढा फरक चालत नाही. रूळ जरा तिरका बसला की डबा घासतो, माणसं घाबरतात, साहेब ओरडतो. त्यामुळे त्याच्या पिशवीत कायम एक पिवळी पाणसळ असते. ती पट्टी कशावरही ठेवायची. तिच्यातला बुडबुडा मधोमध आला तर वस्तू सपाट. त्या दिवशी त्याने ती जमिनीवर ठेवली आणि बुडबुडा जो एका टोकाला जाऊन चिकटला तो हलेचना.

"नको घ्यायला," तो म्हणाला.

"मग घेऊ नकोस. जा, नव्या इमारतीतलं घे," मी म्हणाले. नव्या इमारतींचे भाव ऐकून आम्ही इतक्यांदा परत फिरलो होतो की तिथले पहारेकरी आम्हाला ओळखायला लागले होते. शेवटी घेतलं हेच. कर्ज फिटेपर्यंत आम्ही म्हातारे होणार, पण घर आधीच म्हातारं होतं, त्यामुळे जोडी जमली.

घर आपलं झालं की जिवाला शांतता मिळते म्हणतात. मला काही मिळाली नाही. माझा सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. करार संपला की बिऱ्हाड उचलायचं. भिंतीला खिळा मारायचा नाही, कारण मालक बघेल. पाय आपटायचा नाही, कारण खालच्या मजल्यावर मालकीणबाई झोपली असेल. मी लहानपणापासून पंजांवर चालते. स्वतःच्या घरात आले तरी पंजांवरच. खाली कुणी नाही, माती आहे, हे पायांना कोण समजावणार? माझी निम्मी खोकी बांधलेलीच राहिली. मधल्या खोलीत भिंतीशी त्यांची रांग लावून ठेवली, आणि रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर दुसरी घरं बघत बसायचे. आपलं घर घेऊन झाल्यावरही. ही माझी खोड मी कुणाला सांगितली नव्हती.

मिस्त्रीचं तर विचारूच नका. घरात आला की चहाचा कप एका हातात आणि पाणसळ दुसऱ्या हातात. टेबलावर ठेव, खिडकीवर ठेव, जेवताना ताटाशेजारी ठेव. "बुडबुडा कुठे आहे बघ गं," मला विचारायचा. मी सांगायचे, "आहे तिथेच आहे, आणि जेवण निवतंय." येता-जाता त्याचा खांदा चौकटीवर आपटायचा. मग चौकटीला शिव्या. "हे दारच तिरकं आहे! माणसाने चालायचं कसं?"

सगळं घर अस्वस्थ होतं. एकच माणूस सोडून. माझे सासरे.

बाबा छापखान्यात अक्षरं जुळवायचे. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे आले तेव्हापासून त्यांची नजर कमी होत चालली होती. "दिसतं थोडं थोडं," असं ते नेहमी म्हणायचे. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की चिडायचे. भाड्याच्या घरांमध्ये ते खुर्चीत बसून असत. खुर्चीतून पलंगावर, पलंगावरून खुर्चीत. कुठे जायचं झालं तर आधी हाक मारायचे, "सूनबाई, कुठे आहेस तू?" मी म्हणायचे, "इथेच आहे, कुठे जाणार!" आणि पुन्हा कामाला लागायचे. दिवसातून किती वेळा ते विचारायचे! मला वाटायचं, म्हातारपणी माणसाला उगाच हाका मारायची सवय लागते.

पायांच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना चालतं ठेवा. असेच बसून राहिले तर पाय जातील, आणि पाय गेले तर कुणीतरी सतत जवळ लागेल." कुणीतरी म्हणजे कोण, हे त्याने सांगितलं नाही. घरात तीन माणसं. त्यातलं कुणीतरी म्हणजे मी, हे न कळायला मी काही खुळी नव्हते. मला माझं काम सोडायचं नव्हतं. मी कपडे दुरुस्त करणाऱ्या दुकानात आहे. तयार कपडे आणायचे आणि आमच्याकडून अंगासारखे करून घ्यायचे, असं ते दुकान. तिथे माझं एक शिलाई मशीन आहे, एक खिडकी आहे आणि दिवसभर कुणी मला हाक मारत नाही. ते गेलं असतं तर मी वेडी झाले असते. हे मी मिस्त्रीला तोंडावर सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "बघू." त्याच्या "बघू"चा अर्थ मला पाठ होता.

पण या उतरत्या घरात आलो आणि चमत्कार झाला. दुसऱ्या आठवड्यात बाबा उठले आणि चालायला लागले.

आधी भिंतीला धरून. मग भिंत सोडून. पुढच्या दारापर्यंत, परत मागे स्वयंपाकघरापर्यंत, तिथून न्हाणीघरात, पुन्हा पुढे. अनवाणी. काठी खुर्चीला टेकवलेली तशीच. सकाळी मी डबा भरत असायचे आणि मागून फळ्या वाजायच्या, टक टक, टक टक. चढताना सावकाश, उतरताना झपझप. पुढच्या दाराची कडी स्वतः काढायचे, बाहेरच्या पायरीवर उभे राहायचे, पलीकडच्या घरातल्या बाईला "काय म्हणताय?" विचारायचे आणि कडी लावून आत यायचे. मला हाक मारणं त्यांनी बंदच केलं.

"स्वतःचं घर मिळालं ना, अंगात जीव आला त्यांच्या," मिस्त्री म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. मलाही भरून आलं, पण आवाजाने डोकं उठायचं तेही खरं. सुट्टीच्या दिवशी माणसाला जरा पडावंसं वाटतं आणि डोक्याशी ही टक टक. तरी मी काही बोलले नाही. ती टक टक म्हणजे माझी नोकरी होती.

आणि मग मिस्त्रीच्या डोक्यात किडा वळवळला. "एवढे फिरतात," तो म्हणाला, "आणि जमीन ही अशी. एखाद दिवशी घसरून पडतील. खुब्याचं हाड मोडलं की संपलं."

यात चूक काय होतं? मीच मान डोलावली. म्हटलं, कर एकदाचं सरळ, तुझाही जीव शांत होईल.

घराच्या भिंती दगडी पायावर होत्या, त्या पक्क्या होत्या. जमीन तेवढी खालच्या लाकडी खांबांवर उभी होती. मागचे खांब खचले म्हणून जमीन खचली. स्वयंपाकघराच्या अगदी कोपऱ्यात, जिथे उतार संपतो तिथे, फळ्यांमध्ये एक झडप होती. ती उचलली की खाली बुटकं तळघर, वाकून जायचं. मिस्त्रीने तिथे जाडजूड जॅक नेऊन तुळयांखाली लावले. "घाई करायची नाही," त्याने मला समजावलं. "रविवारी थोडं फिरवायचं, आठवडाभर घराला सवय होऊ द्यायची. जुनं लाकूड आहे, एकदम उचललं तर तडकेल." पहिल्याच रविवारी त्याला खाली दलालाचं पेन सापडलं. तो ते हातात नाचवत वर आला. इतका खूश मी त्याला लग्नातही पाहिला नव्हता.

मग दर रविवारी तेच. तो खाली, मी वर पाणसळ धरून बसलेली. खालून आवाज यायचा, "सरकला का?" मी म्हणायचे, "सरकला." आणि घर कण्हायचं. खरंच कण्हायचं. आठवडाभर कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून कुरकुर चालू. जी दारं नीट लागत होती ती अडकायला लागली. मिस्त्रीने ती तासली. मधल्या खोलीच्या चौकटीजवळ भिंतीला चीर गेली. त्याने ती भरली. कपाट हलायला लागलं, कारण आधीच्या कुणीतरी त्याच्या पायांखाली उताराच्या मापाच्या पाचरी मारलेल्या होत्या. एक गोष्ट नीट केली की दुसरी बिघडायची आणि मिस्त्री तिच्यामागे धावायचा. मी दुकानातून आले की दारातच थांबायचे, आज काय निघालं असेल. फोनवर दुसरी घरं बघणं आता जेवणाच्या सुट्टीत भागेना. बसमध्येही बघायला लागले.

या गोंधळात बाबांची टक टक कमी झाली हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आधी त्यांनी पायरीवर जाणं सोडलं. मग भिंतीला धरायला लागले. मग काठी घेतली. एकदा मी घरी आले तर ते मधल्या खोलीत माझ्या खोक्यांपाशी नुसते उभे. कुठे निघालात विचारलं तर म्हणाले, "कुठे नाही, पाय मोकळे करतोय." पण पाय हलत नव्हते. आणि एका संध्याकाळी मी भांडी घासत असताना पुढच्या खोलीतून आवाज आला, "सूनबाई, कुठे आहेस तू?"

मी हातातलं भांडं ठेवलं. तेव्हा मला एवढंच कळलं की जुने दिवस परत आले.

"वय झालं," मिस्त्री म्हणाला. नंतर म्हणाला, "जमिनीला अजून थोडा उतार राहिलाय, त्याचा त्रास होत असणार. घाबरतात ते पडायला. लवकर संपवायला हवं." आणि तो बुधवारीही जॅक फिरवायला लागला. बाबा जितके कमी चालत तितका तो जास्त फिरवी. मी दुकानात मालकिणीला विचारून ठेवलं, थोडे दिवस अर्धा वेळ आले तर चालेल का. ती म्हणाली चालेल, पण मशीन दुसरीला द्यावं लागेल.

शेवटी एका रविवारी बुडबुडा मधोमध आला. पुढच्या खोलीत मधोमध, मधल्या खोलीत मधोमध, स्वयंपाकघरात मधोमध. मिस्त्रीने खालूनच टाळी वाजवली. "शेवटच्या पाचरी मारतो आणि येतो," तो ओरडला. झडप उघडीच होती. बाबा पुढच्या खोलीत खुर्चीत होते आणि हल्ली ते उठत नसत, म्हणून उघडी. मी पाणसळ ठेवायला मधल्या खोलीत गेले. म्हटलं, आता घर सरळ झालंय, तर एखादं खोकं सोडून बघावं. दोरीची गाठ सुटेना, म्हणून कात्री शोधत खाली वाकले होते. तेवढ्यात माझ्या पाठीमागून कुणीतरी गेलं.

वळून पाहिलं तर बाबा. काठी नव्हती. ताठ मानेने, हात जरा पुढे धरून, न्हाणीघरात जायला निघालेले. पण न्हाणीघर डावीकडे आणि ते चाललेले थेट कोपऱ्याकडे. मला आधी कळेच ना. त्यांना दिसत नाहीये का? एवढी चौकोनी काळी झडप, दुपारचा लख्ख उजेड, समोर उघडी.

"बाबा!" मी किंचाळले.

त्यांचा एक पाय फळीवर होता आणि दुसरा पुढे गेला तो हवेत. ते तसेच अर्धवट तोल सावरत राहिले, पाय खाली चाचपडतोय, जमीन शोधतोय. आणि खालून दोन हात वर आले. त्या हातांनी तो पाय घोट्याशी घट्ट धरला. मी धावत जाऊन त्यांना मागून कमरेला मिठी मारली. क्षणभर आम्ही तिघं असेच अडकून होतो. कुणालाच हलता येईना.

"कोण आहे खाली?" बाबांनी विचारलं.

"मीच आहे, बाबा."

"मग सोड की पाय."

त्याने सोडला नाही. तो हळूहळू वर ढकलत राहिला, मी मागे ओढत राहिले, आणि आम्ही दोघं, मी आणि माझे सासरे, फळ्यांवर दाणकन बसलो. मिस्त्री झडपेतून वर आला. त्याच्या तोंडावर धूळ होती आणि धुळीतून घाम ओघळत होता. तो बापाच्या अंगावर ओरडला. उभ्या जन्मात ओरडला नव्हता.

"समोर एवढं भोक आहे, दिसलं नाही तुम्हाला?"

"नाही दिसलं," बाबा म्हणाले. "मला काही दिसत नाही. बरेच दिवस झाले. अंधारच आहे सगळा."

बाबा फळीवरून हात फिरवत होते. छापखान्यात अक्षरांवरून फिरवत असतील तसा, सावकाश.

"तिकडे सगळी घरं सारखी होती," ते म्हणाले. "जमीन सारखी. कुठे निघालो आणि कुठे आलो काही कळायचं नाही. सूनबाई बोलली की समजायचं, स्वयंपाकघर तिकडे. म्हणून हाक मारायचो. तिला त्रास व्हायचा, पण काय करणार. इथे आलो तर पहिल्याच दिवशी पायाला कळलं. चढ लागला की पुढचं दार. उतार लागला की स्वयंपाकघर. खिडकीकडे कललं की मधली खोली. सगळ्यात खोल कोपरा म्हणजे झडप, तिकडे जायचं नाही. कुणाला विचारायची गरज नाही की काही नाही. मला वाटलं, शंभर वर्षं हे घर माझ्याचसाठी वाकत आलंय." मग ते थांबले. "आणि तू ते पुसत गेलास. दर रविवारी थोडं थोडं."

"सांगायचं नाही का, बाबा?" मिस्त्रीचा आवाज पार फाटला होता. "मी तुमच्यासाठीच केलं सगळं."

"काय सांगू? आंधळा झालो म्हणून सांगू?" बाबा आता खरोखर रागावले होते. "मग तुम्ही मला उठू दिलं असतंत? हिने काम सोडलं असतं आणि माझ्या खुर्चीशेजारी खुर्ची टाकून बसली असती."

माझ्याकडे बघायची त्यांना गरज नव्हती, पण तोंड त्यांनी माझ्याकडेच वळवलं होतं. मी ढसाढसा रडले. लाज वाटली म्हणून रडले, आणि त्यांना माझ्या मनातलं सगळं माहीत होतं म्हणूनही.

मिस्त्री झडपेच्या काठावर पाय सोडून बसला होता. आमच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाईकांचे दोन्ही पाय एका मापाचे क्वचितच असतात. मी पॅन्टचा एक पाय किंचित आखूड दुमडते आणि कुणाला काही सांगत नाही. गिऱ्हाईक आरशात बघतं आणि म्हणतं, वा, काय बसलीय! हे मी रोज करते आणि घरात मात्र पाणसळ धरून बसले होते. मी मिस्त्रीला एवढंच म्हणाले, "खाली घे."

"काय?"

"जमीन. होती तशी खाली घे."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला बसवलेली लिफ्ट उपटायला सांगत होते. मग तो उठला आणि खाली गेला.

तेही घाईने करून चालणार नव्हतं. पुन्हा रविवार सुरू झाले, उलटे. आता पाणसळ पिशवीत आणि तिच्या जागी बाबा. ते अनवाणी स्वयंपाकघरात उभे राहायचे, डोळे मिटून, म्हणजे सवयीने मिटून. मी झडपेपाशी मांडी घालून बसायचे, निरोप पोचवायला.

"अजून," बाबा म्हणायचे.

"अजून," मी खाली ओरडायचे.

"अजून थोडं."

"अजून थोडं म्हणतात."

"माझ्या कानाला कळतंय, तू कशाला सांगतेस!" खालून उत्तर यायचं. घर पुन्हा कण्हायला लागलं, भरलेली चीर पुन्हा उघडली, तासलेल्या दारांच्या खाली बोटभर फटी पडल्या आणि त्यातून वारा यायला लागला. मिस्त्रीने तक्रार केली नाही. आणि एका रविवारी बाबा म्हणाले, "थांबा." जागच्या जागी पाय हलवले. टाच टेकवली, चवडा टेकवला. मग वळले आणि चालायला लागले. टक टक, टक टक, मधली खोली, पुढची खोली, चढाला सावकाश. कडी निघाल्याचा आवाज आला. बाहेरून ऐकू आलं, "काय म्हणताय?"

मिस्त्रीने खाली त्याच मापाचे नवे खांब बसवले. तिरकी जमीन, पण आता जन्माची पक्की. झडपेला त्याने आतून अशी कडी केली की तो खाली गेला तरी वरून ती बंदच राहील.

बाबा डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायला तयार झाले, आता लपवायचं काय उरलं म्हणून. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही. "हा रोग चोरपावलांनी येतो," त्या म्हणाल्या. "आधी कडेकडेची नजर जाते, समोरचं दिसत राहतं, म्हणून माणसाला कळत नाही. आजूबाजूच्या वस्तूंवर आपटायला लागतं, एवढंच. आणि घराण्यात असतो." मग त्यांनी मिस्त्रीकडे बघितलं. "तुम्हीही तपासून घ्या."

"बघू," मिस्त्री म्हणाला. बाहेर पडताना त्याचा खांदा दवाखान्याच्या चौकटीवर आपटला. ती चौकट नवी होती, सरळ होती. घरी येईपर्यंत बाबाच काय ते बोलत होते.

त्यानंतर मी त्याच्या मागे लागले. आज जा, उद्या जा. त्याचं आपलं पुढच्या आठवड्यात. दुकानात माझ्या हातून सरळ शिवण चुकायला लागली. माझं मशीन माझ्याकडेच राहिलं होतं आणि माझं त्यात लक्ष नव्हतं. त्याला जेवताना बघायचे, वाटी कडेला सरकवून बघायचे की त्याला दिसते का. कधी तो पटकन घ्यायचा, कधी शोधायचा. मला कळेना की मी घाबरून बघतेय की खरंच तसं आहे.

परवा दुकानात वीज गेली म्हणून लवकर सुटले. बाबा बाहेर पायरीवर बसले होते. मी खूण म्हणून त्यांच्या खांद्याला हात लावला आणि आत गेले. पंजांवर, सवयीने. त्यामुळे मिस्त्रीला माझी चाहूल लागली नाही.

तो अनवाणी होता. हात अंगाशी सोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. पुढच्या खोलीतून मधल्या खोलीत चालला होता, एकेक पाऊल टेकवत, टाच, मग चवडा. खिडकीकडचा कल लागला तशी त्याने मान जराशी हलवली, स्वतःशीच कबूल केल्यासारखी. पुढे गेला, स्वयंपाकघरात पोचला, खोल कोपऱ्याच्या अलीकडे बरोबर थांबला. मग वळला. तरी डोळे उघडले नाहीत.

"गेला होतास ना तपासायला?" मी विचारलं.

तो दचकला नाही. "सकाळी," म्हणाला. "वेळेत आलात म्हणाल्या. थेंब दिलेत. बहुतेक टिकेल."

"मग हे काय चाललंय?"

"काही नाही," तो म्हणाला. "शिकून ठेवतोय."

आणि तो पुन्हा चढ चढायला लागला. मधल्या खोलीत त्याच्या वाटेत माझं एक खोकं होतं, त्या रविवारी गाठ सोडायला ओढलेलं आणि तसंच राहिलेलं. बाबांच्या पायांना ते पाठ होतं, त्याच्या नव्हतं. मी धावत जाऊन ते पायाने बाजूला सारलं. माझी टाच फळीवर चांगली जोरात वाजली. पण बाजूला सारून भागणार नव्हतं. मी कात्री आणली आणि ते उघडायला घेतलं.